जिवंत असल्यास प्राधान्य

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात मान हलवण्यापलीकडे काही जमत नाही, पण कागदावर आठही अंगं टेकवायला काय जातंय?) तुझे गुडघे काय म्हणतात? कानातलं ते यंत्र वापरतेस, की अजून त्याच्या डब्यातच झोपलेलं आहे? मागच्या पत्रात हेच विचारलं होतं, पण तू लाल शाईने बावीस चुका काढून ते पत्रच मला परत पाठवलंस, त्यामुळे उत्तरं राहूनच गेली. जन्मभर पोरांना मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे आपण होऊन हात पुढे करून छडी खाण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण या वेळी मला तुझी लाल शाईच हवी आहे. एका शब्दाने माझ्या तोंडचं पाणी पळवलंय. तो शब्द तेवढा तपासून दे, म्हणजे झालं. दुसरं काही मागणं नाही.

आमचा किल्लीवाला तुला आठवत असेल. माझ्या दुकानाला लागून ज्याचं दुकान आहे तो. तू आली होतीस तेव्हा तुझ्या ट्रंकेचं कुलूप ज्याने तुझ्याच केसातल्या आकड्याने उघडून दिलं, आणि वर “बाई, एवढं काय दडवलं होतंत?” असं विचारून बोलणी खाल्ली, तोच. बावीस वर्षं आमच्या दोघांत एकच भिंत आहे. पलीकडून त्याची कानस चालते, अलीकडून माझा ब्रश. भिंतीवर दोन टकटक म्हणजे चहा सांगितलाय. तीन टकटक म्हणजे गिऱ्हाईक डोकं खातंय, सोडवायला ये. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला. आता मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्याला यंत्राला जोडून घेऊन चार-चार तास रक्त धुऊन घ्यावं लागतं. त्या दिवशी त्याचं शटर खाली. बाकीच्या दिवशी टकटक होते, पण आत्या, ती इतकी हळू होते की मी ब्रश हवेत धरून कान देऊन बसतो, की खरंच वाजली की मला नुसतं वाटलं. तो आवाज बंद झालेला मला चालणार नाही. हे एकदा सरळ लिहून टाकतो, म्हणजे पुढे चेष्टा करायला मी मोकळा.

तर डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, बाजूला घेऊन सांगितलं की यंत्रावर हा फार दिवस काढणार नाही, हृदय थकलंय, सहा महिने म्हणा, आठ म्हणा. नवी किडनी बसली तर मात्र म्हातारा होऊन सगळ्यांना पिडेल. हॉस्पिटलात या कामासाठी एक समन्वयक बाई नेमलेल्या आहेत. (चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर शोधतात, पण बाकी हुशार.) त्यांनी समजावलं की किडनी दोन वाटांनी येते. गेलेल्या माणसाकडून हवी तर यादीत नाव घालून बसायचं, आणि यादीत आमच्या माणसाच्या पुढे तीनशेच्या वर माणसं. नाहीतर जिवंत दाता. त्याने आपल्या दोनांतली एक आपखुशीने द्यायची, देवाणघेवाण काही नाही, आणि मग एक समिती त्याला समोर बसवून विचारणार, की बाबा रे, का देतोस? वहिनीला साखर, तिची चालत नाही. त्याची बहीण “विचार करून कळवते” म्हणाली, त्याला आठ महिने झाले. एवढा विचार तिने लग्न ठरवतानाही केला नव्हता. भावाच्या फोनवर बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतं, किडनी म्हटलं की आवाज तुटतो. आणि किल्लीवाला स्वतः तर कोणाकडे तोंड उघडायला तयार नाही. मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही हा त्याच्या धंद्याचा नियम, तो त्याने इथेही लावला. मग मीच म्हटलं, तू पड, शोधायचं काम माझं. बाईंनी जाता जाता सहज विचारलं, तुमचा रक्तगट कोणता? मी म्हटलं, आठवत नाही बुवा. (हसू नकोस. त्या क्षणी खरंच आठवला नाही.)

आता शब्दाकडे येतो. मी काय, पाट्या रंगवणारा माणूस. दाराच्या पाट्या, दुकानाच्या पाट्या, आणि सगळ्यांत जास्त ‘पाहिजेत’च्या पाट्या. शिंपी पाहिजे, अनुभव असल्यास प्राधान्य. माल पोचवणारा पाहिजे, दुचाकी असल्यास प्राधान्य. इतकी वर्षं हेच लिहून हाताला वळणच तसं पडलंय. डोकं घरी ठेवून आलो तरी हात लिहितो. मी एक छान पत्रा घेतला, पांढरा दिला, निळ्याने रेखला आणि झोकात लिहिलं, “किडनी दाता पाहिजे. रक्तगट ओ. निर्व्यसनी. जिवंत असल्यास प्राधान्य. भेटा : पाट्यांचे दुकान, दुपारी ३ ते ५.” रंगवून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन बघितलं. अक्षर असं काही उतरलं होतं की अर्थाकडे लक्षच गेलं नाही. पाटी दुकानाबाहेर टांगली. आठवडाभर येणारे-जाणारे वाचून गेले. एकानेही चूक दाखवली नाही. तू या गावात असतीस तर पहिल्याच दिवशी छत्रीच्या टोकाने ती खाली पाडली असतीस, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

माणसं आली, नाही असं नाही. एकाला वाटलं ही नोकरी आहे. त्याने सुट्ट्या किती ते विचारलं. एक बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यांच्या दोन्ही घ्या, तशी यांची कुठलीच गोष्ट वापरात नाही. (नवरा ‘ए’ गटाचा निघाला. त्याला झालेला आनंद बघवत नव्हता.) एक आजोबा आले, वय अठ्ठ्याहत्तर, अगदी मनापासून द्यायला आलेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी एक वही घातली होती. नाव, वय, रक्तगट, सध्या काय करता, असे रकाने. शेवटी एक रकाना गंमत म्हणून आखला होता : जिवंत, होय की नाही. गंमत करायची माझी खोड तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, याची जीभ याला एक दिवस गोत्यात आणेल. जीभ नाही आत्या, हात.

मंगळवारी बरोबर तीन वाजता तो आला. म्हणजे आला असं मी म्हणतो, येताना दिसला नाही. दाराला मी घंटी लावलेली आहे, ती वाजली नाही. मी पाठमोरा बसून एका दवाखान्याची पाटी करत होतो आणि एकदम काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय चुकलं ते कळायला वेळ लागला. टर्पेंटाईनचा वास बंद झाला होता. बावीस वर्षांत तो वास मी सोडला नाही आणि त्याने मला सोडलं नाही, कपडे धुतले तरी जात नाही. तो डबा उघडा असताना नाहीसा. वळून बघतो तर किल्लीवाल्याच्या भिंतीला लागून बाक आहे ना, त्याच्या भिंतीकडच्या टोकाला एक माणूस बसलेला. पन्नाशीचा, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. पाटी वाचून आलो, म्हणाला. मी वही काढली. नाव सांगितलं. (ते इथे लिहीत नाही, का ते पुढे येईल.) रक्तगट ओ. सध्या काय करता? “वाट बघतो.” मला वाटलं, निवृत्त असेल. शेवटच्या रकान्यावर आलो आणि मी हसत म्हटलं, इथे काय लिहू? तो जरासुद्धा हसला नाही. अगदी नम्रपणे, आपल्यामुळे समोरच्याची अडचण होतेय अशा बेताने म्हणाला, “नाही लिहा. पण पाटीवर फक्त प्राधान्य म्हटलंय ना?”

मी चहा सांगितला. माझ्यासमोर भूत आलं तरी मी चहाच सांगणार, हे मला आता पुराव्यानिशी कळलंय. चहा आला, त्याने कप समोर ठेवून घेतला, पाच वाजता तो उठून गेला तेव्हा कप काठोकाठ तसाच, वर साय. जाऊ दे म्हटलं, लोक विनोद करतात, आपणही करतो. मग कप उचलायला बाकापाशी गेलो आणि तिथेच मटकन खाली बसलो. (जमिनीवर. बाकावर बसणं शक्यच नव्हतं.) कारण आत्या, त्या बाकाला मी त्याच दिवशी जेवणाआधी हिरवा ऑइलपेंट दिला होता. वर “रंग ओला आहे” अशी पाटीही ठेवली होती, ती त्याने उचलून शेजारी ठेवलेली. दोन तास माणूस त्या रंगावर बसून गेला आणि रंगावर सुरकुतीसुद्धा नाही. मी बोट लावून बघितलं. बोट हिरवं झालं.

गुरुवारी पुन्हा तीन वाजता. शनिवारी पुन्हा. ज्या दिवशी किल्लीवाला यंत्रावर, नेमका त्याच दिवशी, त्यामुळे त्याने याला कधी पाहिलं नाही. आणि तो करत काही नाही, गं. डोळे वटारले असते, साखळ्या वाजवल्या असत्या, तर मी बोंब मारून चार माणसं गोळा केली असती. हा मांडीवर हात ठेवून बसतो आणि सरकारी कचेरीत विचारतात तसं विचारतो, आज जिवंत कोणी आलं का? नाही म्हटलं, की मान हलवून “मग माझाच नंबर” एवढंच म्हणतो. दरम्यान समन्वयक बाईंच्या कानावर पाटीची कीर्ती गेली. त्यांनी मला बोलावून बिनपाण्याने केली, की असा पत्रा टांगून दाता शोधायचा नसतो, नात्यातल्या, जवळच्या माणसांना विचारायचं असतं, आणि हे ‘जिवंत असल्यास’ काय आहे? मी आलो आणि पाटी उतरवली. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मंगळवारी तो आलाच. पाटी उतरवली, मी सांगितलं. “बघितलं मी,” तो म्हणाला, “पण माझा अर्ज मुदतीत आलेला आहे.” वही उघडून त्याचं नाव खोडायला गेलो, तर बोटाला शाई लागली. आठवडा झाला होता लिहून. ओळीतली बाकीची नावं खडखडीत वाळलेली आणि हे एकच नाव ओलं. कुठला रंग किती वेळात वाळतो यावर माझं पोट चालतं. या शाईला काय झालं ते मला सांगता येणार नाही. ते नाव या पत्रात का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल.

आणि त्या ओल्या नावाकडे बघता बघता मला ते आठवलं. मला चेहरे आठवत नाहीत, अक्षरं आठवतात. त्या आडनावात एक ‘ळ’ आहे, तो मी कधीतरी मन लावून काढला होता, दोन्ही गाठी सारख्या. मी मान वर केली. बाकाच्या वर एक फळी आहे, तिच्यावर करून ठेवलेल्या आणि कोणी न नेलेल्या पाट्या पडलेल्या असतात. डावीकडून चौथी. काळी पाटी, पांढरं नाव, आणि खाली पितळी सरकपट्टी : एकीकडे ओढली की ‘आत’ दिसतं, दुसरीकडे ओढली की ‘बाहेर’. मागे खडूने तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. आत्या, मी शपथेवर सांगतो, फळीवर ठेवताना मी सगळ्या सरकपट्ट्या ‘बाहेर’ करून ठेवतो, तशीच पद्धत आहे माझी. ही ‘आत’ होती. पितळेवर अकरा वर्षांची धूळ, आणि पट्टी जिथून सरकली तेवढीच जागा लख्ख. आणि खाली बाकावर पाटीचा मालक मांडीवर हात ठेवून बसलेला, माझ्याकडे बघत. तेव्हा त्याने पहिल्यांदा वेगळा प्रश्न विचारला. म्हणाला, “तुम्ही रांगेत माझ्या पुढे, की मागे?” मी म्हटलं, मी रांगेत नाही हो, मी नुसता पेंटर. तो म्हणाला, “रक्तगट?” मी म्हटलं, चहा घेणार?

तर आत्या, आता तू मास्तरीणबाई म्हणून निकाल दे. ‘असल्यास प्राधान्य’ याचा नेमका अर्थ काय? दुचाकीवाल्याला प्राधान्य याचा अर्थ पायी चालणाऱ्याने येऊच नये असा होतो, की दुचाकीवाला नसेल तर पायी चालणाराही चालेल, असा? मी इतकी वर्षं ते दुसऱ्या अर्थाने लिहीत आलो. बाकावरचा तोही हाच अर्थ धरतो, आणि तो खरा असेल, तर त्याचं काही चुकत नाही, आणि मला त्याला उठवता येणार नाही. काही पळवाट असेल तर लाल शाईने अधोरेखित करून पाठव. शिवाय ओळखीत कोणी ओ गटाचं, धडधाकट, मनाने मोठं माणूस असेल तर तेही कळव. इथे तसं कोणी दिसत नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना शेक दे. चुका पोटात घाल, निदान या वेळी पाकिटात घालू नकोस.

तुझा भाचा,
(पेंटर)

ता.क. ओ गटाचं माणूस शोधू नकोस. तू वरचं वाचताना चष्म्यावरून कशी बघत असशील ते मला इथून दिसतंय. माझा रक्तगट तुझ्याइतका कोणाला माहीत आहे? पित्ताशयाच्या ऑपरेशनला तुला माझीच बाटली चढवली होती, आणि सुई टोचायच्या आधीच मी आडवा झालो म्हणून परिचारिकेने आधी मला चहा पाजला होता. (तेव्हापासून तू माझ्यासारखी चिडकी झालीस असं सगळे म्हणतात.) समन्वयक बाईंनी विचारलं तेव्हा लायसन्स माझ्या खिशातच होतं, त्यावर ठसठशीत छापलंय, ओ. मी घाबरलो, आत्या. दुसऱ्या कोणाची तरी मिळावी म्हणून एवढी वणवण केली, पाटी रंगवली, वही आखली, सगळं केलं. खिशात हात तेवढा घातला नाही. मग एका सोमवारी भिंतीवर तीन टकटक झाली. गिऱ्हाईक डोकं खात असेल म्हणून धावत गेलो, तर दुकानात कोणीच नाही. किल्लीवाला स्टुलावर एकटा, हातात कानस, समोर काही काम नाही. काय रे, म्हटलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, काही नाही, चुकून वाजली. बावीस वर्षांत त्याची टकटक कधी चुकलेली नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता बाकावरून प्रश्न आला, पुढे की मागे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढे.” वर फळीवर खट्‌ झालं. बघतो तर पट्टी ‘बाहेर’वर, बाक रिकामा, आणि टर्पेंटाईनचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच आलं. (टर्पेंटाईनमुळेच.) वहीतली शाई त्या दिवशी वाळली.

तपासण्या झाल्या, जुळतंय सगळं. आता खरं काम. पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी, सकाळी अकराला, मला समितीपुढे बसायचंय, आणि माझ्या रक्ताच्या नात्यातल्या कोणीतरी सोबत येऊन सांगावं लागतं, की हा आपखुशीने देतोय, याच्यावर कोणाचा दबाव नाही. लग्न मी केलं नाही, आई-बाबा गेले, माझं रक्ताचं म्हणावं असं तुझ्याशिवाय कोण आहे? तेव्हा तू ये. मी आयुष्यात आपखुशीने काही केलेलं तू पाहिलेलं नाहीस, ते त्यांना सांगू नकोस. आणि यंत्र कानात घालून ये. नाहीतर ते विचारतील ‘दबाव’ आणि तू ऐकशील ‘रक्तदाब’, म्हणशील, आहे ना, दोन गोळ्या चालू आहेत. ते तो माझा समजून मला घरी धाडतील. दबावाचं मला विचारलं, तर मी खरं तेच सांगणार आहे, की कोणाही जिवंत माणसाने माझ्यावर दबाव आणलेला नाही.

दुसरा ता.क. मी ती पाटी पोचवायला गेलो होतो. खडूच्या तारखेखाली पत्ता होता. तिसरा मजला, दार एका बाईंनी उघडलं, गळ्यात शिवणाची टेप. पाटीवरची पट्टी त्यांनी बोटाने पुसली. मग म्हणाल्या, ही त्यांनी मुद्दाम करायला टाकली होती. एक दिवसाआड हॉस्पिटलात यंत्रावर असायचे ना, भेटायला येणाऱ्यांना जिने चढायची फुकट दगदग नको, कोणीतरी खालीच लावा म्हणायचे. तीन वर्षं वाट बघितली. यादीत शेवटी दुसरा नंबर आला होता. मी विचारलं, घरातलं, ओळखीचं कोणी नव्हतं? त्या म्हणाल्या, होते की, सगळे म्हणायचे आम्ही आहोतच पाठीमागे. पुढे कोणी आलं नाही. पाटी त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, आता ती कुठे लावू? ते बाहेरच आहेत. जिना उतरताना एक वेगळीच गोष्ट माझ्या लक्षात आली. आत्या, हा माणूस दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी येऊन आपल्या किडन्या देऊ करत होता ना? त्या दोन्ही निकामी झालेल्या होत्या, त्यांनीच तर तो गेला. मी बाजूला झालो की नंबर त्याचा, आणि किल्लीवाल्याला द्यायला त्याच्याकडे त्याच दोन आहेत.

तिसरा ता.क. हे पत्र मी काल दुपारीच बंद करणार होतो, पण मध्येच मला पुन्हा घाम फुटला. टेबलावर आपल्याला झोपवलं आणि आपण उठलोच नाही तर? विचारायला तरी कोण येणार? समन्वयक बाईंना फोन करून सांगावं म्हटलं, की माझं जमत नाही, माफ करा. फोन उचलला, तीन आकडे फिरवले, आणि टर्पेंटाईनचा वास गेला. मी मागे वळून बघितलं नाही. फोन हळूच खाली ठेवला. पंखा फिरत होता, पलीकडून कानस घासल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने वास आला. त्यामुळे मी काही आता मागे फिरत नाही, पण बुधवारपर्यंत एकट्याने या दुकानात बसणं मला झेपेल असं वाटत नाही, म्हणून तू चार दिवस आधीच ये. किल्लीवाल्याला सांगितलंय तू येणार म्हणून. तो म्हणाला, बाईंना म्हणावं ट्रंक आणा, आणि त्याने भिंतीवर दोन टकटक केल्या, चांगल्या जोरात. बाकाचा रंग पक्का वाळलाय, तुला बसायला हरकत नाही. फक्त भिंतीकडच्या टोकाला बसू नकोस.